जुन्नरी कागदाच्या प्रदेशात नाताळची शुभेच्छापत्रे : घरच्या घरी कागद, कार्ड आणि चांदणी

नाताळचा सण जवळ येऊ लागला की घरोघरी लगबग सुरू होते. फराळाची तयारी, घराची रंगरंगोटी, गव्हाणीची मांडणी आणि अंगणातली चांदणी यांत आगमनकाळाचे दिवस पाहता पाहता सरतात. या धांदलीत एक जुनी रीत मात्र आपल्या हातून निसटत चालली आहे. स्वहस्ते लिहिलेले शुभेच्छापत्र आता फारच थोड्या घरांत येते. भ्रमणध्वनीवर एकच चित्र शंभर जणांना पाठवले जाते. ते पाहिले जाते आणि विसरलेही जाते. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील अनेक घरांतली तरुण मुले आज नोकरीनिमित्त चाकण, पिंपरी-चिंचवड किंवा मुंबईस राहतात. गावी राहिलेल्या आजी-आजोबांना भ्रमणध्वनीवरचे ते चित्र उशाशी ठेवता येत नाही. नातवंडाने आपल्या हाताने केलेले कार्ड मात्र वर्षभर देवघरापाशी उभे राहते. या साध्या गोष्टीसाठीच आम्ही हा लेख लिहावयास घेतला आहे.

यामागे आणखी एक कारण आहे. ज्या भूमीत आपण राहतो ती एके काळी कागदासाठी प्रसिद्ध होती, आणि हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. म्हणून कृतीकडे वळण्यापूर्वी थोडा इतिहास पाहू या.

जुन्नरचा कागद

जुन्नर हे नाव घेताच शिवनेरी, लेण्याद्री आणि नाणेघाट आठवतात. परंतु जुन्या मराठी दप्तरांचा अभ्यास करणाऱ्यांना जुन्नर आणखी एका गोष्टीमुळे परिचयाचे आहे. दौलताबादी कागदाप्रमाणे जुन्नरी कागद हेही त्या काळी एक ओळखीचे नाव होते. येथील कागदी घराणी मुस्लिम होती. पिढ्यान् पिढ्या कागद बनविणे हाच त्यांचा व्यवसाय असल्याने ‘कागदी’ हेच त्यांचे नाव पडले. त्यांच्यासारख्या कारागिरांनी तयार केलेल्या कागदावर बोरूने आणि काजळाच्या शाईने मोडी लिपीत महाराष्ट्राचा कारभार लिहिला गेला. सनदा, हिशेब, न्यायनिवाडे, खासगी पत्रे असे अगणित कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात आजही जपलेले आहेत. दोन-अडीचशे वर्षे उलटूनही त्यांतील कित्येक कागद सुस्थितीत आहेत, ही त्या कारागिरीची साक्ष होय.

हा कागद झाड तोडून होत नसे. जुने गोणपाट, दोरखंड, चिंध्या हाच त्याचा कच्चा माल असे. तो तुकडे करून भिजवीत, चुन्याच्या पाण्यात मुरवीत, पायाने चालविण्याच्या जड लाकडी ढेकीखाली कुटीत आणि नदीच्या पाण्यात पुनःपुन्हा धूत. तयार झालेला लगदा पाण्याने भरलेल्या हौदात ढवळला जाई. लाकडी चौकटीवर गवताच्या बारीक काड्यांची चटई अंथरून कारागीर ती हौदात बुडवी आणि अलगद वर उचली. पाणी निथळून जाई आणि चटईवर कागदाचा ओला पापुद्रा उरे. हे पापुद्रे एकावर एक रचून दाबीत, भिंतीवर चिकटवून वाळवीत, खळ लावीत आणि शेवटी गुळगुळीत दगडाने अथवा शंखाने घोटून त्यांना तकाकी आणीत.

एकोणिसाव्या शतकात यंत्रावर तयार झालेला स्वस्त कागद बाजारात आला. तुरुंगांतही कैद्यांकडून कागद करवून घेतला जाऊ लागला. या दोहोंपुढे हातकागदाचा टिकाव लागला नाही आणि जुन्नरचा हा उद्योग मावळला. दौलताबादजवळच्या कागझीपुरा गावात ही विद्या तग धरून राहिली. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि हातकागदाला पुन्हा प्रतिष्ठा लाभली. त्याच चळवळीतून पुण्यात शिवाजीनगर येथे १९४० साली हातकागद संस्था उभी राहिली. कापडाच्या चिंध्यांपासून कागद तयार करून या संस्थेने जुनी परंपरा नव्या स्वरूपात पुढे नेली.

आपण ज्याला टाकाऊ समजतो त्यातूनच हा कागद घडत असे, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात प्लास्टिक व कागदाचा वापर कमी करणे, कचरा वेगळा करणे यांसारख्या रोजच्या लहान कृतींचे मोल सांगितले आहे. नाताळच्या तयारीत ही शिकवण आचरणात आणावयास भरपूर वाव आहे. शिवाय आता तो केवळ आवडीनिवडीचा प्रश्न उरलेला नाही. सजावटीचे थर्माकोल महाराष्ट्रात २०१८ साली आणि संपूर्ण देशात १ जुलै २०२२ पासून बंदीखाली आले आहे. गव्हाणीचे डोंगर आणि गोठा थर्माकोलचे करण्याची सवय आपण सर्वांनीच मोडावयास हवी.

घरी कागद कसा करावा

यासाठी लागणारे साहित्य बहुतेक घरांत सापडते. मुलांच्या जुन्या वह्यांची पाने, एक पसरट टप किंवा घमेले, जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे तुकडे, स्पंज आणि एक चौकट एवढे पुरे. जुन्या तसबिरीची लाकडी चौकट घेऊन तिच्यावर मच्छरदाणीची नायलॉनची जाळी ताणून खिळ्यांनी पक्की करावी. चौकट नसल्यास भरतकामाच्या गोल रिंगणात जाळी अडकविली तरी चालते. मग कागद गोल होतो आणि तोही शोभतो. चकचकीत मासिकांची व प्लास्टिकचा थर असलेली पाने घेऊ नयेत, कारण ती भिजत नाहीत.

पानांचे साधारण दोन सेंटिमीटरचे तुकडे हातानेच फाडावेत. फाडलेल्या कडेला तंतू मोकळे राहतात, म्हणून कात्रीपेक्षा हात बरा. तुकडे रात्रभर पाण्यात भिजत ठेवावेत. सकाळी एक मूठ तुकडे आणि तीन-चार पेले पाणी या प्रमाणात ते मिक्सरमधून थांबून थांबून फिरवावेत. स्वयंपाकाचे भांडे न वापरता जुने भांडे यासाठी वेगळे ठेवावे आणि हे काम मोठ्यांनी करावे. वीज नसेल तर पाट्या-वरवंट्यावर वाटले तरी लगदा होतो. जुन्या सुती कापडाचे अथवा गोणपाटाचे सुटे धागे अगदी बारीक कापून त्यात थोडे मिसळले तर कागद अधिक चिवट होतो.

असे का होते, हे मुलांना अवश्य समजावून सांगावे. कागद म्हणजे वनस्पतीच्या सूक्ष्म तंतूंची जाळी. पाण्यात हे तंतू फुगतात व सुटे होतात. पाणी निघून गेले की एकमेकांना बिलगून घट्ट धरून बसतात. त्यासाठी गोंदाची गरज नसते. मात्र प्रत्येक वेळी लगदा करताना तंतू तुटून आखूड होतात, म्हणून जुन्या कागदापासून केलेला कागद थोडा नाजूक असतो. चिंध्यांचे लांब तंतू ती उणीव भरून काढतात. जुन्नरचे कागदी हेच जाणून होते.

टपात अर्ध्यापर्यंत पाणी घेऊन त्यात लगदा ओतावा व हाताने ढवळावा. भाताची दाट पेज वाटीभर घातली की शाई कागदावर पसरत नाही. जाळीची चौकट एका बाजूने तिरपी आत न्यावी, तळाशी आडवी करावी आणि दोन्ही हातांनी सरळ वर उचलावी. वर आल्यावर चौकट हलकेच डावी-उजवीकडे हलवली की तंतू सारखे पसरतात. पाणी निथळल्यावर ओले कापड पाटावर अंथरून त्यावर चौकट पालथी घालावी. वरून जाळीवर स्पंज दाबून पाणी टिपावे आणि चौकट एका कडेने हळूच उचलावी. कागद कापडावर राहतो. त्यावर दुसरे कापड घालावे व पुढचा कागद उतरवावा. अशी चळत झाल्यावर वर दुसरा पाट ठेवून त्यावर पाण्याची भरलेली घागर किंवा दगड ठेवावेत. दोन तासांनी कापडासह एकेक कागद दोरीवर किंवा गुळगुळीत भिंतीवर सावलीत वाळवावा. पूर्ण वाळल्यावर कापड सोडवून कागद कवडीने किंवा नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटावा.

आमचा पहिला कागद जाळीलाच चिकटला आणि दुसऱ्याला मधोमध भोक पडले. लगदा फार पातळ झाल्याचे मग ध्यानी आले. तेव्हा पहिल्या दोन-तीन कागदांवरून खिन्न होऊ नये. बिघडलेला कागद पुन्हा टपात टाकला की त्याचा लगदाच होतो. एका दुपारी दहा-बारा कागद सहज निघतात. उरलेला लगदा मोरीत ओतू नये, नळी तुंबते. तो गाळून, पिळून गोळे करून ठेवावा. त्याचेच गव्हाणीसाठी डोंगर व गोठ्याच्या भिंती करता येतात.

आपल्या शिवारातले रंग

कार्डासाठी रंगाची पाकिटे विकत आणण्याचे कारण नाही. मंचर आणि नारायणगावच्या परिसरात कांद्याला तोटा नाही. कांद्याची सुकी साले पाण्यात अर्धा तास उकळली आणि चिमूटभर तुरटी घातली की सोनेरी-तपकिरी रंग मिळतो. झेंडूच्या पाकळ्यांपासून पिवळा आणि बिटापासून गुलाबी रंग निघतो. बिटाचा रंग उन्हाने लवकर उडतो, म्हणून ते कार्ड सावलीत ठेवावे. झेंडूच्या सुट्या पाकळ्या किंवा कडुनिंबाची बारीक पाने लगद्यातच टाकली तर कागदावर नैसर्गिक नक्षी उमटते.

आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी बांधवांच्या उपजीविकेत हिरड्याला मोठे स्थान आहे. हिरड्यात टॅनिन हे द्रव्य विपुल असते. कुटलेला हिरडा पाण्यात उकळला तर पिवळसर रंग मिळतो. त्याच पाण्यात गंजलेले खिळे रात्रभर ठेवले तर तो काळसर होतो. हे काळे पाणी आम्लधर्मी असते आणि कालांतराने कागद खाते, म्हणून त्याचा वापर किनारीपुरताच करावा. लिहिण्यासाठी काजळ आणि डिंकाचे पाणी खलून केलेली शाई अधिक टिकाऊ, आणि आपल्या पूर्वजांची शाई हीच होती.

ठशांसाठी भाजीची टोपली पाहावी. भेंडीचा आडवा काप रंगात बुडवून कागदावर दाबला की बहुधा पाच पाकळ्यांची सुबक चांदणी उमटते. बेथलेहेमच्या ताऱ्याचा ठसा भेंडीपासून मिळावा, यात मुलांना फार गंमत वाटते. चमकीची भुकटी मात्र टाळावी. ती बहुधा प्लास्टिकची असते आणि धुळीबरोबर नदीनाल्यांत जाते.

उभी राहणारी गव्हाणी

पहिले छापील नाताळ-शुभेच्छापत्र १८४३ साली लंडनमध्ये निघाले. हेन्री कोल यांनी ते चित्रकार जॉन कॉलकॉट हॉर्सली यांच्याकडून काढवून घेतले होते. गव्हाणीची परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी जिवंत बैल, गाढव व गवत यांसह प्रभुजन्माचा देखावा उभा केला. या दोन्ही परंपरांची सांगड एका कार्डात घालता येते.

वीस सेंटिमीटर लांब व चौदा सेंटिमीटर रुंद कागद घ्यावा. मध्यरेषेवर पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनाने रेघ दाबावी आणि मग घडी घालावी. असे केल्याने जाड हातकागद घडीवर फुटत नाही. घडी मिटलेली असताना घडीच्या कडेवर, मधोमध, एकमेकांपासून चार सेंटिमीटर अंतरावर दोन काप द्यावेत. प्रत्येक काप तीन सेंटिमीटर लांब असावा. आता कार्ड उघडून कापांमधली पट्टी आतल्या बाजूस ओढावी, तिची घडी उलटी करावी आणि कार्ड पुन्हा मिटून दाबावे. कार्ड उघडताच आत एक छोटी पेटी उभी राहते. तिच्या दर्शनी बाजूवर बाळ येशू, मरिया आणि योसेफ यांची कापलेली चित्रे चिकटवावीत. चित्रे पेटीहून फार उंच असू नयेत, नाहीतर मिटल्यावर बाहेर डोकावतात. शेवटी थोडा मोठा साधा कागद बाहेरून चिकटवला की कापांची भोके झाकली जातात. चिकटविण्यासाठी मैद्याची खळ उत्तम. तिच्यात थोडी तुरटी टाकली की ती लवकर आंबत नाही.

एका कापात चांदणी

पाच टोकांची नेमकी चांदणी काढणे मोठ्यांनाही अवघड जाते. ती घडीने सहज साधते. बावीस सेंटिमीटर बाजूचा चौकोनी कागद मधोमध दुमडावा. दुमडलेल्या कडेचा मध्यबिंदू हे चांदणीचे केंद्र. त्या बिंदूपासून पंख्याच्या घडीप्रमाणे, एकदा पुढे आणि एकदा मागे, कागदाच्या पाच समान पाकळ्या पाडाव्यात. प्रत्येक पाकळी छत्तीस अंशांची होते. शाळेच्या कंपासपेटीतील कोनमापक येथे उपयोगी पडतो. आता केंद्रापासून एका कडेवर दहा सेंटिमीटरवर आणि दुसऱ्या कडेवर चार सेंटिमीटरला किंचित कमी अंतरावर खूण करावी. दोन्ही खुणा सरळ रेषेने जोडून त्या रेषेवर एकच काप द्यावा. कागद उलगडला की पाच टोकांची रेखीव चांदणी हाती येते. हातकागद जाड असेल तर घड्या बसत नाहीत, म्हणून येथे जुन्या दिनदर्शिकेचे पातळ पान घ्यावे. अंगणातल्या मोठ्या कागदी चांदणीत मेणबत्ती ठेवू नये. लहान एलईडी दिवा सुरक्षित असतो.

आगमनकाळाची साखळी

लहान मुलांसाठी सर्वांत सोपी वस्तू म्हणजे कागदी कड्यांची साखळी. आगमनकाळ नाताळपूर्वीच्या चौथ्या रविवारी सुरू होत असल्याने त्याचे दिवस दर वर्षी सारखे नसतात. ते बावीस ते अठ्ठावीस असू शकतात. त्या वर्षीचे दिवस मोजून तेवढ्याच पट्ट्या कापाव्यात. प्रत्येक पट्टीच्या आतल्या बाजूस एक लहानसे सत्कृत्य लिहावे. ‘आज शेजारच्या आजींना पाणी भरू लागेन’, ‘आज भावाशी भांडणार नाही’, ‘आज आजारी माणसाला भेटेन’, अशी मुलांना झेपतील अशीच ती असावीत. पट्ट्यांची कडी एकमेकांत गुंफून साखळी दारावर बांधावी. रोज एक कडे सोडवायचे, वाचायचे आणि तसे करायचे. साखळी संपते तेव्हा नाताळ येतो आणि मुलांच्या मनाचीही तयारी झालेली असते.

आत काय लिहावे

कार्ड कितीही सुंदर झाले तरी त्याचे खरे मोल आतल्या दोन ओळींत आहे. छापील वचन उतरवून काढण्यापेक्षा त्या व्यक्तीसाठीच लिहिलेले एखादे वाक्य अधिक बोलते. ‘मावशी, या वर्षी तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा आम्ही रोज तुमच्यासाठी प्रार्थना केली’, एवढे लिहिले तरी पुष्कळ झाले. सणाच्या दिवसांत ज्यांच्या घरी दुःख घडले आहे, त्यांना ‘आनंदी नाताळ’ लिहिताना हात अडखळतो. तेथे ‘आम्हाला त्यांची आठवण आहे’ असे लिहावे. ज्यांच्याशी वर्षभर अबोला आहे त्यांनाही एक कार्ड द्यावे. ते देणे सर्वांत कठीण आणि सर्वांत आवश्यक असते.

कार्ड केवळ आपल्या धर्मग्रामापुरते ठेवू नये. दिवाळीला आपल्याकडे फराळाचे ताट पाठविणारे, ईदला शीरखुर्मा आणून देणारे शेजारी आपणास आहेत. नाताळच्या गोड पदार्थांच्या ताटावर त्यांच्यासाठी एक कार्ड असावे. ज्या कागदी बांधवांच्या कष्टांमुळे जुन्नरचे नाव कागदावर कोरले गेले, ते ना आपल्या धर्माचे होते ना त्या कागदावर हुकूम लिहिणाऱ्यांच्या. तरीही सर्वांचे काम त्यांच्या हातांवाचून अडले असते. शेजारधर्माचा याहून चांगला पाठ कोणता असेल?

टपालाने पाठवावयाचे असल्यास कार्ड लिफाफ्यात घालून पोस्टात वजन करून घ्यावे, कारण हातकागद साध्या कागदापेक्षा जड भरतो. सण जवळ आल्यावर टपालाची गर्दी वाढते. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच पेटीत टाकलेले बरे. लिफाफा जुन्या दिनदर्शिकेच्या पानाचा करून त्यावर पत्त्यापुरती पांढरी चिठ्ठी चिकटवावी.

पालकांना आणि धर्मशिक्षण वर्गाच्या शिक्षकांना आमची एकच विनंती आहे. एका रविवारी मिस्सानंतर दोन तास काढावेत, मुलांना जुन्या वह्या आणावयास सांगावे आणि आजी-आजोबांनाही बोलवावे. खळ कशी शिजवावी, कवडीने कसे घोटावे हे त्यांच्याइतके कोण सांगेल? पहिला कागद फाटेल, दुसरा वाकडा होईल. तिसऱ्या कागदावर एखादे लेकरू आपल्या आजीचे नाव लिहील, आणि त्या घरातला नाताळ त्याच दिवशी सुरू होईल.